पोटावरची अक्षरं

सानपाडा, ६ जानेवारी

रणजीत,

तुझा खोका मी घरात घेतलेला नाही. खाली वॉचमनच्या केबिनमध्ये पडलाय. खजूर, बदाम आणि सगळ्यात वर ठेवलेली ती कृत्रिम हाताची चकचकीत पुस्तिका. वॉचमनला सांगितलंय, खजूर घरी ने, पुस्तिका कचऱ्यात टाक. माझ्या पोराचा उजवा हात कोपरापासून गेला, आणि त्याच्या मामाने दिवाळीपासून आजपर्यंत काय पाठवलं, तर दुसरा हात कसला मिळतो त्याची चित्रं.

फोन करू नकोस. तुझा नंबर मी ब्लॉक केलाय. फोनवर तू कायम माझ्या वाक्यात मध्येच शिरतोस. 'आक्का, ऐक तर.' 'आक्का, तुला त्यातलं कळत नाही.' पत्रात तसं शिरता येत नाही, म्हणून पत्र लिहितेय. आता तू ऐक. शारजाच्या तुझ्या ऑफिसात, एसीखाली बसून, शेवटपर्यंत वाच.

परवा राजवर्धनच्या मेलवर तुझ्या हेलिकॉप्टरच्या कंपनीचं म्हणणं आलं. मला इंग्रजी वाचायला वेळ लागतो, पण लागला तेवढा वेळ लावला. त्यात लिहिलंय की शांतिसेनेचं कंत्राट संपल्यावर हेलिकॉप्टरवरची संयुक्त राष्ट्रांची अक्षरं काढून टाकायची असतात, आणि तंत्रज्ञाच्या निष्काळजीपणामुळे पोटावरची अक्षरं काढायची राहून गेली. तंत्रज्ञ म्हणजे तुझ्याच कंपनीत लागलेला माझा मुलगा. खाली सही ऑपरेशन्स मॅनेजरची. म्हणजे तुझी. त्याचा बाप गेल्यावर सुट्टीवर आलास की तू त्याच्या प्रगतिपुस्तकावर पालकाच्या जागी सही करायचास. तीच सही. तिचं ते शेवटी वर उडवलेलं शेपूट मी लांबून ओळखते.

निष्काळजी? ज्या पोराने माझ्या दुकानातल्या शिलाई मशीनचा एक स्क्रू कधी जमिनीवर पडू दिला नाही, तो?

तुला आठवत नसेल तर मी आठवण करून देते. तू हवाई दलातून पहिल्यांदा शांतिसेनेत जाऊन आलास आणि याच स्वयंपाकघरात ओट्यावर चढून बसलास. म्हणालास, आमच्या हेलिकॉप्टरचा हिरवा रंग घालवून सगळं पांढरं केलं. दोन्ही अंगांना काळी, माणसाएवढी अक्षरं, यू एन. आणि पोटावरही. मी विचारलं, पोटावर कशाला, तिथं कोण बघतंय? तू हसलास. "आक्का, खालचा माणूस पोटच बघतो. त्याच्या हातात बंदूक असो नाहीतर पोर असो, त्याला वर बघून कळलं पाहिजे, की हे मारायला आलेलं नाही." राजवर्धन तेव्हा सातवीत होता. तोंडातला घास गिळायचा विसरला होता.

आबा तुर्भ्याच्या मार्केटात पाठीवर पोती वाहायचे. त्यांचा मुलगा पायलट झाला म्हणून आम्ही सगळ्या वस्तीत पेढे वाटले. मी वाटले, माझ्या हाताने.

मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांची चौकशी आहे, ऑनलाइन. तुलाही बोलावलंय, त्यालाही. तिथे तोंड उघड आणि सांग की पोटावरची अक्षरं तशीच ठेवून ते हेलिकॉप्टर कोणी उडवायला लावलं. तेवढं सांग. बाकी तुझं काय व्हायचं ते होऊ दे.

उज्वला

(खाली 'आक्का' लिहिलेलं नाही, ते मुद्दाम.)


सानपाडा, २५ जानेवारी

रणजीत,

तुझं उत्तर मेलवर आलं. दुकानाशेजारच्या झेरॉक्सवाल्याने छापून दिलं, आणि वाचायचं नाही म्हणत वाचलंही असणार, कारण कागद देताना माझ्याकडे बघेना.

तू लिहितोस, कंत्राट संपलं होतं. बाजूची अक्षरं काढली होती. घाई होती. शांतिसेना जिथे आहे त्या देशाच्या सैन्याने एक फेरी मारून द्या म्हणून विनंती केली, आणि त्या देशात धंदा करायचा तर सैन्याला नाही म्हणता येत नाही. आणि मग ते वाक्य: 'आक्का, अक्षरांनी कोणी मरत नाही, गोळ्यांनी मरतात.'

वाक्य चांगलं जमलंय. कोणाकोणाला ऐकवलंस आत्तापर्यंत?

आता मी ऐकलेलं तू ऐक. गेल्या रविवारी संघप्रिया आली होती. तुला नाव माहीत असेल. शांतिसेनेच्या दवाखान्यातली नर्स, आपल्या खांदेश्वरची पोरगी. तिकडे एवढ्या लांब नवी मुंबईचं माणूस भेटलं म्हणून राजवर्धनशी ओळख झाली. सुट्टीवर आलीय. चहा ठेवला तर कप हातात धरून बसली, प्यायलीच नाही. मी म्हटलं, बाई, मला सगळं नीट सांग, कोणी मला नीट सांगतच नाही.

म्हणाली, "काकू, ते गाव डोंगरापलीकडे आहे. रस्ता पावसात वाहून जातो. आम्ही हेलिकॉप्टरनेच जायचो. पांढरं दिसलं की पोरं धावत यायची, बायका कडेवर मुलं घेऊन आधीच मैदानात उभ्या असायच्या. कधी कोणाला बोलवावं लागलं नाही."

"मग?"

"मग एक दिवस आमच्या आधी दुसरं गेलं. तुमच्या भावाच्या कंपनीची दोन होती ना? त्यातलं, ज्याचं कंत्राट संपलं होतं ते. लोकांनी खालून बघितलं. पांढरं, पोटावर यू एन. नेहमीसारखे सगळे मैदानात आले. दार उघडलं आणि आतून सैनिक उतरले."

तिने कप खाली ठेवला. 

"पुरुष वेगळे काढले. जे पळाले त्यांना तिथेच मारलं. बाकीच्यांना चढवून घेऊन गेले. ते परत आले नाहीत, काकू."

"आणि तुम्ही?"

"आम्हाला काहीच माहीत नव्हतं. आम्ही पुढच्या आठवड्यात गेलो, दुसऱ्या हेलिकॉप्टरने. राजवर्धन आता त्याच्यावर होता. एक बाई अडली होती, रेडिओवर निरोप आला होता. खाली उतरलो तर मैदान रिकामं. एक म्हातारी आणि दोन माणसं तिला बाजेवर घालून आणत होती, बस. राजवर्धन उडी मारून पुढे गेला, बाज धरायला. आणि झाडांतून गोळ्या आल्या. त्याचा हात बाजेच्या दांडीवर होता. आम्ही त्याला आत ओढलं, पायलटने उचललं. बाज तिथेच राहिली."

"आणि ती बाई?"

"माहीत नाही."

एवढं बोलून ती उठली. राजवर्धनची औषधं आणि दोन शर्ट पिशवीत भरून घेऊन गेली. तो आत झोपला होता. त्याला हे सगळं पुन्हा ऐकवायचं नव्हतं मला.

तर रणजीत, गोळ्या कोणाच्या होत्या ते मला विचारू नकोस. गावकऱ्यांच्या असतील. त्यांच्या जागी मी असते तर मीही झाडल्या असत्या, आणि माझा नेम चुकला नसता. त्यांनी पांढरं हेलिकॉप्टर बघितलं आणि पोटावर तीच दोन अक्षरं बघितली. त्यांना कसं कळणार, या खेपेला आत नर्स आहे म्हणून? जे तू त्या अक्षरांचं केलंस, त्यानंतर ती कोणी का मानावीत?

माझ्या पोराच्या हाताला लागलेली गोळी तिथे पोचली कशी, ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. चौकशीत तेच सांगायचंय. माझं आणि राजवर्धनचं याबाबत एकमत आहे.

उज्वला


सानपाडा, १६ फेब्रुवारी

रणजीत,

तू भारतात आलास. मला कळवलं नाहीस. आणि भाच्याला एकट्याला गाठलंस.

आता तुला कळलंच आहे, तर लिहून टाकते. राजवर्धन माझ्याजवळ राहत नाही. डिसेंबरातच खांदेश्वरला खोली घेऊन गेला. संघप्रिया आली होती ती त्याचे कपडे न्यायला. तो आत झोपला नव्हता. आत कोणी नव्हतं. तुला सांगितलं असतं तर तू लगेच त्या फटीत बोट घातलं असतंस, म्हणून नाही सांगितलं. आणि बघ, कळल्या कळल्या घातलंसच.

परवा मी डबा घेऊन गेले. जिना चढून वर येते तर दाराबाहेर तुझे बूट. तपकिरी, लेसचे, एवढे चमकणारे की दुसऱ्या कोणाचे असूच शकत नाहीत. दार लोटलेलं होतं. तू आत बोलत होतास, तो तुझा हळू, समजावणीचा आवाज.

"वर्धन, खोटं बोल असं मी म्हणत नाही. तू फक्त म्हण की आठवत नाही. डोक्याला मार लागला होता, रक्त गेलं होतं. कोण तुला दोष देणार आहे? शारजाच्या ऑफिसात तुझ्यासाठी जागा ठेवलीय. हात लागत नाही त्या कामाला."

हात लागत नाही! त्याच्यासमोर बसून तुझ्या तोंडून हे निघालं कसं रे?

मी दार ढकललं. तू उभा राहिलास. "आक्का, बस ना," म्हणालास, जसं काही खोली तुझी आहे. मी काय म्हणाले ते तुला पाठ असेल, पण मला लिहायचंय. मी म्हणाले, त्याच्या डोक्याला मार लागलेला नाही. त्याचं डोकं शाबूत आहे. तुझं कुठे गेलंय ते बघ.

आणि तू राजवर्धनकडे वळून म्हणालास, "बघ, हिच्या रागापायी तू तुझं करिअर घालवणार?"

मग मी बाहेर जाऊन तुझे बूट उचलले आणि गॅलरीतून खाली टाकले. एक गटाराच्या झाकणावर पडला, दुसरा कुठे गेला माहीत नाही. तू मोज्यांवर जिना उतरलास. वरच्या मजल्यावरच्या बायका दारं उघडून बघत होत्या. बघू देत.

तू मागे वळला नाहीस, त्यामुळे पुढचं तुला माहीत नाही.

मला वाटलं होतं, पोरगं हसेल. लहानपणी मी कोणाशी भांडले की हसायचं. तो हसला नाही. डब्याचं झाकण डाव्या हाताने उघडायचा प्रयत्न करत होता, उघडत नव्हतं, मी हात पुढे केला तर डबा बाजूला ओढला.

मी म्हटलं, "चौकशीत काय सांगायचं ते ठरवू या. तू म्हण, मी अक्षरं काढायला निघालो होतो, मामाने हुकूम दिला, थांब. झालं. त्यापुढे एक शब्द बोलायची गरज नाही."

तो म्हणाला, "आई, तुम्ही दोघं सेम आहात."

"कोण दोघं?"

"मामा म्हणतो, आठवत नाही म्हण. तू म्हणतेस, असं आठवतं म्हण. मला काय आठवतं ते कोणीच विचारलेलं नाही."

"मग सांग, काय आठवतं?"

"एकदाच सांगणार आहे. तिथे. दोनदा नाही बोलवणार माझ्याच्याने."

याच भांडणावरून तो डिसेंबरात घर सोडून गेला होता. मी तुला लिहिलं होतं की आमचं एकमत आहे. नाहीये. पण त्याने काय फरक पडतो? हेलिकॉप्टरं ठेवायच्या त्या हँगरमध्ये त्या दिवशी काय झालं ते तुम्हा दोघांना माहीत आहे, मला नाही. मला एवढंच माहीत आहे की ते सांगायची वेळ येणार म्हटल्यावर तू विमानाने इतक्या लांब धावत आलास. ज्याचा हात स्वच्छ आहे तो असा धावत येत नाही.

पुन्हा त्याच्या दारात दिसलास तर बूट नाही, तुला टाकेन.

उज्वला


सानपाडा, २० मार्च

रणजीत,

काल चौकशीत काय झालं ते तू स्क्रीनवरच्या तुझ्या चौकोनातून बघितलंस. मी खोलीच्या या बाजूने बघितलं. माझी बाजूही तुझ्याकडे असू दे.

त्याने मला खोलीवर बोलावलं नव्हतं. मी गेले. संघप्रियाचा भाऊ लॅपटॉप लावत होता, मी भिंतीला टेकून खाली बसले, कॅमेऱ्यात येणार नाही अशी. स्क्रीनवर अध्यक्षबाई होत्या, पिकलेल्या केसांच्या, दोन माणसं आणखी, आणि टाय लावलेला तू. त्यांनी विचारलं, कोणत्या भाषेत बोलणार? त्याला इंग्रजी येतं, तू जाणतोस. तो म्हणाला, मराठीत. दुभाषी होता. मला तेव्हा कळलं नाही त्याने असं का केलं. नंतर कळलं. त्याला वाटत होतं, तुला आणि मला ते आपल्या भाषेत ऐकू यावं.

त्याने सांगितलं, बाजूची अक्षरं त्यानेच काढली. हीट गनने स्टिकर तापवायचा, नखाने कड उचलायची, मग हळूहळू ओढत न्यायचं. एक अक्षर फाटलं तर पुन्हा तापवायचं. दोन्ही बाजू झाल्या. मग पोट. तो पोटाखाली पाठीवर झोपला होता.

"मामा आले. वाकून म्हणाले, पोट राहू दे. मी विचारलं, का? ते म्हणाले, तिथल्या सैन्याच्या कर्नलचं म्हणणं आहे की ती अक्षरं असली तर खालून कोणी गोळी झाडणार नाही. बाजूची निघालीत, त्यामुळे विमानतळावर कोणी विचारणार नाही. मग म्हणाले, चालेल ना?"

अध्यक्षबाईंनी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"चालेल म्हणालो."

मी त्याच्या खुर्चीला मागून लाथ मारली. खरंच मारली. खुर्ची हलली, तू बघितलं असशील. तो थांबला नाही.

"तुम्हाला हुकूम दिला गेला होता का?"

"नाही. विचारलं होतं. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसऱ्या कोणाला तरी विचारलं असतं. पण मला विचारलं होतं."

"त्याचा अर्थ तुम्हाला समजला होता?"

"हो. ती अक्षरं कशासाठी असतात ते मामांनीच मला लहानपणी सांगितलं होतं. मी हीट गन बंद केली, वायर गुंडाळली आणि जेवायला गेलो."

जेवायला गेलो, म्हणाला. मला वाटलं, हे तरी नको होतं सांगायला. कोणी विचारलं नव्हतं. घाई नव्हती, विसर नव्हता, निष्काळजीपणा तर नव्हताच. ठरवून ठेवलेली अक्षरं होती. ज्यांनी वर बघून विश्वास ठेवावा त्यांनाच पकडायला. तू ठरवलंस आणि माझ्या मुलाने मान डोलावली. मी महिनोन्‌महिने त्याच्यासाठी एक कोरा, धुतलेला मुलगा तयार करत होते, आणि त्याने सगळ्यांसमोर तो नाकारला. मला त्याचा एवढा राग आला की थोडा वेळ मी तुला विसरले.

थोडाच वेळ. कारण मग तू बोललास.

तू म्हणालास, माझा भाचा मानसिक धक्क्यात आहे. तो बिचारा जे बोलतोय ते त्याची आई त्याच्याकडून बोलवून घेतेय. ती माझ्यावर जुना राग काढतेय. तिचं शिक्षण बेताचं, तिला या विषयातलं काही कळत नाही. हे तू इंग्रजीत बोललास. मला कळणार नाही असं वाटलं असेल. दुभाष्याने सगळं नीट मराठीत करून सांगितलं, भला माणूस.

तेव्हा मी उठून कॅमेऱ्यासमोर गेले. राजवर्धन म्हणत होता, आई, बस. मी त्या बाईंना म्हटलं, "मी आई. मी बोलवून घेतलं असतं तर हा एवढं खरं बोलला नसता. मी याला सगळं मामावर ढकलायला सांगितलं होतं. याने ऐकलं नाही."

दुभाष्याने तेही जसंच्या तसं सांगितलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तुझा चौकोन काळा झाला. नेट गेलं म्हणे तुझं. शारजात!

शेवटी त्यांनी राजवर्धनला विचारलं, आणखी काही सांगायचंय का. तो म्हणाला, सांगायचं नाही, विचारायचंय. बाजेवरच्या त्या बाईचं काय झालं? त्यांच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.  शोध घेऊ म्हणाले.

लॅपटॉप बंद झाल्यावर मी चपला घालून निघाले. मी स्टेशनपर्यंत चालत आले आणि तिथे बाकावर बसून राहिले, गाड्या सोडत. त्याने खोटं बोलावं म्हणून मी भांडत होते, तुझ्यासारखी. पण रणजीत, तो खरं बोलल्यावर मी उभी राहिले आणि तू पळालास. एवढा फरक आपल्या दोघांत आहे. मला पुरतो.

उज्वला


सानपाडा, ८ जुलै

रणजीत,

तुझं हाताने लिहिलेलं पत्र मिळालं. अक्षर बिघडलंय तुझं.

निकाल मला कळला आहे. तुझ्या कंपनीला शांतिसेनेचं काम आता मिळणार नाही. तुला काढून टाकलं. कर्नलचं काय होणार ते त्याच्या देशावर सोडलंय, म्हणजे काही होणार नाही. राजवर्धनचं लायसन्स गेलं, आणि पुन्हा अर्ज करायचा की नाही हे तो बोलत नाही. सध्या मोऱ्याच्या बंदरावर असतो. कोळ्यांच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो, डाव्या हाताने. तिथला नाखवा, होडीचा मालक, त्याला 'डावरा' म्हणतो, आणि तो चिडत नाही. रविवारी माझ्याकडे जेवायला येतो. आम्ही जास्त बोलत नाही. वाढलेलं सगळं खातो, ताट स्वतः धुतो, जातो.

त्या बाईचं कळलं. चौकशीवाल्यांकडून नाही, संघप्रियाकडून. ती पुन्हा ड्यूटीवर गेली आणि तिथल्या एका सुईणीला घेऊन रस्त्याने त्या गावात पोचली. जीप चिखलात रुतली, पुढे चालत गेल्या. गणवेश उतरवून, साध्या कपड्यात. तरीही त्यांना वेशीवर बसवून ठेवलं, मग म्हातारी येऊन बघून गेली तेव्हा आत घेतलं.

बाई गेली. बाजेवरच. बाळ जगलं, मुलगी आहे. म्हातारी तिची आजी, तीच सांभाळते. संघप्रिया तिथे बसलेली असताना लांबून हेलिकॉप्टरचा आवाज आला, आणि म्हातारीने बोलता बोलता मुलीला उचललं आणि मक्याच्या टोपलीखाली झाकलं. मुलगी रडली नाही. तिला सवय आहे. आता तिथे पांढरं काहीच उतरू देत नाहीत. लस द्यायला आलेल्यांनाही हाकललं. गोवर आला होता, मुलं गेली. किती, ते संघप्रियाने लिहिलं होतं. मी इथे लिहिणार नाही.

राजवर्धनला मी हे सांगितलं. त्याने जेवण पूर्ण केलं आणि म्हणाला, "मी जाणार तिथे."

"कशाला?"

"मी काय केलं ते त्यांना सांगायला. त्यांना अजून वाटतं, शांतिसेनेनेच सैनिक आणले."

"ते तुला मारतील."

"मारू देत."

पासपोर्टची मुदत बघून ठेवलीय त्याने. पाऊस संपला की तिकडचा रस्ता उघडतो म्हणे. मी रडले, ओरडले, आठवडाभर जेवण पाठवलं नाही. काही उपयोग नाही. तुला ठाऊक आहे, त्याने एकदा ठरवलं की ठरवलं.

आता तुझ्या पत्राबद्दल. तू लिहितोस, 'आक्का, मी संपलोय. तू माफ केलंस तर मला रात्री झोप तरी लागेल. सानपाड्याला येऊन राहू का थोडे दिवस?'

नाही. ये म्हणणार नाही. तुझ्या झोपेचा ठेका मी घेतलेला नाही. आणि माफी कोणाकडे मागतोस? माझ्या पोराचा एक हात गेला, त्याची माफी मागायची तर त्याच्याकडे माग, आणि तो देईलही, तो तसा मूर्ख आहे. बाकीच्यांची माफी माझ्याकडे नाही. ती डोंगरापलीकडे आहे, ज्यांचे पुरुष तू पोचवलेल्या सैनिकांनी नेले त्यांच्याकडे.

तुला मी आयुष्यात फार थोडं मागितलं. आता एक मागते. तू त्याच्या आधी जा.

तुला तिथली भाषा थोडी येते, रस्ता माहीत आहे, आता नोकरीही नाही, वेळच वेळ आहे. चालत जा. वेशीवर बसवतील तिथे बस. अक्षरं कोणी ठेवली, का ठेवली, ते सगळं सांग. माझ्या मुलाचं नाव घ्यायचं असेल तर घे, खरं तेवढंच घे. सगळं आयुष्य तू त्याला पुढे घातलंस आणि मागून सही केलीस. एकदा तू पुढे हो.

त्या लोकांना गोळी झाडायचीच असेल, तर ती आधी तुला लागू दे.

उज्वला